पावती मिळाली की जबाबदारी संपते का?

अमेरिकेतल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या कंपनीत एक फाइल असते. ऑडिट सोडलं तर तिच्याकडे एरवी कोणी बघत नाही. जुने लॅपटॉप, मॉनिटर, सर्व्हर, प्रिंटर कंपनीबाहेर गेले की त्या फाइलमध्ये एक कागद येऊन पडतो. त्यावर तारीख असते, एकूण वजन असतं, यंत्रांचे सिरियल नंबर असतात आणि खाली एक वाक्य असतं: वरील सर्व माल लागू असलेल्या कायद्यांनुसार रिसायकल केला आहे. त्याखाली रिसायकलिंग कंपनीच्या माणसाची सही. हा कागद आला की कंपनीच्या हिशेबातून ती यंत्रं संपली. अकाउंट्सवाले ती मालमत्तेच्या यादीतून काढतात, कायदा विभाग निश्चिंत होतो आणि वर्षाच्या अहवालात "इतका टन ई-कचरा जबाबदारीने हाताळला" अशी एक ओळ वाढते.

माझा प्रश्न या कागदाबद्दल आहे. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देता येते, हे उघड आहे. पण वस्तूबरोबर तिची जबाबदारीसुद्धा देता येते का? पावती घेतल्यावर आपण खरोखर मोकळे होतो, की फक्त कागदोपत्री मोकळे होतो? इथे राहणारे मराठी वाचक मोठ्या संख्येने आयटीत, वित्तसंस्थांत, इस्पितळांत, विद्यापीठांत काम करतात. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी हा कागद मागवतं, तपासतं किंवा त्यावर सही करतं. उरलेले सगळे दर तीन-चार वर्षांनी नवा लॅपटॉप घेऊन जुना परत करतात. म्हणजे प्रश्न सगळ्यांचाच आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. अमेरिकेत ई-कचऱ्यासाठी देशभर लागू होईल असा एक कायदा नाही. २५ राज्यांनी आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी.ने आपापले कायदे केले आहेत. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २००५ पासून पडदा असलेली वस्तू विकत घेतानाच ग्राहकाकडून रिसायकलिंगचं शुल्क घ्यायला सुरुवात केली. बाकीच्या बहुतेक राज्यांनी हा खर्च उत्पादकांवर टाकला. वस्तू बनवणाऱ्यानेच तिच्या शेवटाचीही सोय करावी, ही कल्पना स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडली होती. युरोपने आणि पुढे भारतानेही ती उचलली.

पण राज्यांचे हे कायदे मुख्यतः घरगुती वस्तूंसाठी आहेत. कंपन्यांना लागू होतो तो घातक कचऱ्याविषयीचा १९७६ चा संघीय कायदा आणि त्यावर आधारलेले राज्यांचे नियम. त्यामागे कारण आहे. जुन्या डबा मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, एकेका नगात दोन-तीन किलोपर्यंत. एलईडी येण्यापूर्वीच्या सपाट पडद्यांच्या मागे पारा भरलेल्या बारीक नळ्या असतात. हे सगळं साध्या कचऱ्यात फेकता येत नाही. मात्र देशाबाहेर पाठवण्याबाबत अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर बंधनं घालणारा बाझल करार १९८९ मध्ये झाला आणि १९९२ मध्ये अमलात आला. अमेरिकेने त्यावर १९९० मध्ये सही केली, पण त्याला मान्यता आजपर्यंत दिलेली नाही.

अशा परिस्थितीत कंपन्यांनी एक रीत बसवली आहे. 'आर-टू' किंवा 'ई-स्टुअर्ड्स' या दोन प्रमाणपत्रांपैकी एखादं असलेला रिसायकलर निवडायचा, करार करायचा, माल कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याच्या नोंदी ठेवायच्या आणि शेवटी विल्हेवाटीचं सर्टिफिकेट फाइलला लावायचं. एवढं केलं की नियमपालन झालं. ही रीत वाईट नाही. ती येण्यापूर्वी जुनी यंत्रं गोदामात धूळ खात पडायची किंवा रात्री कोणाच्या तरी ट्रकमधून निघून जायची. तरीही या रितीत एक फट आहे, आणि ती एका खटल्यात स्पष्ट दिसली.

सिॲटलमध्ये 'टोटल रिक्लेम' नावाची कंपनी होती. वॉशिंग्टन आणि आसपासच्या राज्यांत तिचं मोठं नाव होतं. सरकारी कार्यालयं, शहरं, शिक्षणसंस्था तिच्याकडे आपला माल देत. आम्ही घातक माल परदेशी पाठवत नाही, अशी जाहीर प्रतिज्ञा या कंपनीने केली होती आणि ई-स्टुअर्ड्सचं प्रमाणपत्रही तिच्याकडे होतं. मग बाझल ॲक्शन नेटवर्क या सिॲटलच्याच संस्थेने एमआयटीतल्या एका प्रयोगशाळेच्या मदतीने २०० जुन्या उपकरणांत जीपीएस ट्रॅकर लपवले आणि ती देशभर वेगवेगळ्या ठिकाणी रिसायकलिंगला दिली. जवळजवळ एक तृतीयांश उपकरणं देशाबाहेर गेली, त्यातली बरीचशी हाँगकाँगमध्ये. टोटल रिक्लेमकडे दिलेले पडदेही तिथेच सापडले. प्रमाणपत्र देणारी संस्था हीच होती आणि चोरी पकडणारीही हीच. चौकशीत निघालं की २००८ ते २०१५ या काळात कंपनीने पाऱ्याच्या नळ्या असलेले किमान ८३ लाख पौंड, म्हणजे सुमारे ३,७५० टन सपाट पडदे हाँगकाँगला पाठवले होते आणि ते लपवण्यासाठी कागदपत्रं बदलली होती. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीच्या दोन्ही मालकांना प्रत्येकी २८ महिन्यांची कैद झाली.

या खटल्यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, ज्या ग्राहकांनी आपला माल तिथे दिला होता त्यांच्या फाइली पूर्ण होत्या. वजन, तारीख, सही सगळं जागच्या जागी. त्यांनी पैसेही मोजले होते. नियमपालनाच्या कुठल्याही ऑडिटमध्ये त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. आणि त्याच वेळी हाँगकाँगच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये कोणीतरी हातोडीने ते पडदे फोडत होतं.

दुसरी गोष्ट गुन्ह्याच्या नावाची. मालकांनी कबूल केलेला गुन्हा होता फसवणुकीचा कट. त्यांनी ग्राहकांना खोटं सांगितलं म्हणून ते तुरुंगात गेले. पाऱ्याची वाफ ज्यांच्या छातीत गेली त्यांचा उल्लेख न्यायालयात झाला, पण कायद्याच्या भाषेत ज्यांच्यावर अन्याय झाला ते होते सर्टिफिकेट मिळवणारे ग्राहक. खोट्या कागदामुळे नुकसान झालं ते कागद घेणाऱ्याचं, असा त्याचा अर्थ. मालकांनी खोटं बोलण्याऐवजी करारात बारीक अक्षरात "माल परदेशी जाऊ शकतो" असं लिहिलं असतं आणि ग्राहकांनी न वाचता सही केली असती, तर हा खटला याच रूपात उभा राहिला असता का? बहुधा नाही. पारा मात्र तितकाच राहिला असता.

आता दुसरी बाजूही नीट मांडायला हवी. कोणी म्हणेल, एखाद्या कंपनीतल्या कर्मचाऱ्याने प्रत्येक मॉनिटरच्या मागे हाँगकाँगपर्यंत जायचं का? आधुनिक जगात कामाची वाटणी असते. औषधाच्या दुकानातून गोळी घेताना आपण तिची रासायनिक चाचणी करत नाही. विमानात बसताना पायलटचं लायसन्स मागत नाही. कोणीतरी तपासलं आहे यावर विश्वास ठेवूनच समाज चालतो. सर्टिफिकेट म्हणजे असाच साठवलेला विश्वास. जाणकार माणसाला काम दिलं, त्याचा मोबदला दिला, त्याने धोका दिला तर दोष त्याचा. फसवलं गेलेल्याला दोषी ठरवणं हा अन्याय आहे.

हा युक्तिवाद हलका नाही. पण औषधाच्या आणि ई-कचऱ्याच्या उदाहरणात एक फरक आहे. औषध खोटं निघालं तर त्रास मला होतो, म्हणून मी जागा राहतो, तक्रार करतो, दुकान बदलतो. विमान पडलं तर आत मीच असतो. जुन्या मॉनिटरच्या बाबतीत सर्टिफिकेट खोटं निघालं तरी माझं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते अशा माणसाचं, ज्याला सर्टिफिकेट दिसत नाही आणि ज्याची तक्रार माझ्यापर्यंत पोहोचत नाही. जिथे खोटेपणाचा फटका विश्वास ठेवणाऱ्यालाच बसतो, तिथे विश्वास आपोआप तपासला जातो. जिथे तो तिसऱ्याला बसतो, तिथे विश्वास आणि बेफिकिरी यांच्यातली रेषा पुसट होते, आणि आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हे आपलं आपल्यालाही कळत नाही.

कायद्यालासुद्धा हे एका ठिकाणी समजलेलं आहे. १९८० मध्ये अमेरिकेने 'सुपरफंड' म्हणून ओळखला जाणारा कायदा केला. विषारी कचऱ्याने एखादी जागा खराब झाली तर ती साफ करण्याचा खर्च कोणी द्यायचा, हे तो ठरवतो. त्यात जागेचा मालक आणि ती चालवणारा यांच्याबरोबर आणखी एक पक्ष धरला आहे: ज्याने त्या कचऱ्याच्या विल्हेवाटीची व्यवस्था केली तो. माल माझ्या ताब्यात नव्हता, मी तिसऱ्याला दिला होता, ही सबब तिथे चालत नाही. ताबा जातो, पण देणं उरतं, असं हा कायदा म्हणतो.

ओहायोतल्या कोलंबस शहरात हे प्रत्यक्ष घडलं. जुन्या मॉनिटरच्या शिसेदार काचेतून शिसं वेगळं काढू, असं सांगणाऱ्या 'क्लोज्ड लूप' नावाच्या कंपनीने देशभरातून काच गोळा केली, गोदामं भरली आणि मग काम टाकून निघून गेली. भाड्याच्या गोदामांत हजारो टन काच पडून राहिली. गोदामांच्या मालकांनी न्यायालयात धाव घेतली ती फक्त या कंपनीविरुद्ध नव्हे, तर तिच्याकडे काच पाठवणाऱ्या रिसायकलिंग कंपन्यांविरुद्धही. त्या कंपन्यांकडेही कागद होते. काच दिली, पावती घेतली, प्रकरण मिटलं असं त्यांनीही धरलं होतं.

या कायद्यात १९९९ मध्ये एक सुधारणा झाली. माल खऱ्या रिसायकलिंगसाठी दिला असेल तर देणाऱ्याला सूट मिळावी, नाहीतर रिसायकल करायलाच कोणी धजणार नाही, असा तिचा हेतू. पण सूट सरसकट नाही. देणाऱ्याने वाजवी काळजी घेतलेली असली पाहिजे. ती घेतली की नाही हे ठरवताना कशाकडे पाहायचं, तेही कायद्याने सांगितलं आहे: व्यवहारात ठरलेली किंमत, समोरच्याच्या कारखान्यात काय चालतं हे ओळखण्याची तुमची कुवत, आणि सरकारी खात्यांकडे तुम्ही केलेली चौकशी.

यातला किंमतीचा उल्लेख मला फार अर्थपूर्ण वाटतो. कायदा इथे असं मानतो की किंमत ही एक माहिती आहे. एखादं काम नीट करायला खर्च येतो हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि समोरचा ते फुकटात करायला तयार आहे, तर त्याच क्षणी तुम्हाला काहीतरी कळलेलं असतं. नंतर "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. शिसेदार काच सुरक्षितपणे हाताळायला पैसे लागतात आणि ती विकून ते सुटत नाहीत. मग तीन कोटेशनांपैकी सगळ्यात स्वस्त कोटेशन निवडताना आपण काय निवडतो? तो फरक कोणीतरी भरणारच असतो. तो आपण भरला नाही, तर कुठल्यातरी नदीकाठचा, कुठल्यातरी शेडमधला माणूस भरतो. टोटल रिक्लेमचं उदाहरण सांगतं की योग्य पैसे मोजूनही फसवणूक होऊ शकते. पण पैसे न मोजता प्रामाणिक काम मिळेल अशी आशा धरणं, याला फसवणूक म्हणता येणार नाही. ते आपण आपल्यालाच दिलेलं आश्वासन असतं.

नियम कसा मोजला जातो, यावरही बरंच ठरतं. इलिनॉय राज्यात उत्पादकांना दरवर्षी ठरावीक पौंड माल गोळा करण्याचं लक्ष्य दिलेलं होतं. नवी यंत्रं हलकी होत गेली, आणि लोकांच्या तळघरांतून बाहेर येणारे जुने टीव्ही मात्र अवजड. लक्ष्य वर्ष संपण्याआधीच पुरं व्हायचं. ते झालं की उत्पादकांचा पैसा थांबायचा, आणि कितीतरी संकलन केंद्रांना आपली दारं बंद करावी लागली. कंपन्यांनी कायदा मोडला नव्हता. उलट त्यांनी तो अगदी शेवटच्या पौंडापर्यंत पाळला होता. पुढे राज्याला कायदाच बदलावा लागला.

भारतातही सध्या याच प्रश्नावर रस्सीखेच चालू आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार उत्पादकाने नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घ्यायची आणि आपलं वार्षिक लक्ष्य पूर्ण करायचं. प्रमाणपत्रांचा बाजार उभा राहिला आणि बाजारात व्हायचं तेच झालं, ज्याचा कागद स्वस्त त्याचा माल खपला. प्रामाणिक रिसायकलर टिकावा म्हणून सरकारने किमान दर ठरवला, घरगुती वापराच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे २२ रुपये. त्याविरुद्ध काही मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्या कायदेशीर मुद्द्यांचा निवाडा न्यायालय करील. पण वाद कशावर आहे ते बघण्यासारखं आहे. नियम पाळायचा की नाही यावर कोणाचं दुमत नाही. तो पाळण्याची खरी किंमत कोणी द्यायची, यावर भांडण आहे.

माझ्या कामात अशी कागदपत्रं नेहमी नजरेखालून जातात. त्यात एक गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. हार्ड डिस्कबद्दल कंपन्या दहा प्रश्न विचारतात. डेटा पुसला का? कोणी पुसला? कोणासमोर? डिस्कचा चुरा करतानाचा व्हिडिओ आहे का? पडद्यातला पारा किंवा काचेतलं शिसं कुठे गेलं, हा प्रश्न क्वचितच येतो. याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. मॉर्गन स्टॅनलीने आपली डेटा सेंटर्स बंद करताना जुनी यंत्रं हलवण्याचं काम डेटा नष्ट करण्याचा काही अनुभव नसलेल्या एका मूव्हिंग कंपनीला दिलं. त्यातली काही यंत्रं ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली. त्यापायी २०२० मध्ये बँकिंग नियामकाने ६ कोटी डॉलर आणि २०२२ मध्ये शेअर बाजार नियामकाने साडेतीन कोटी डॉलर दंड ठोठावला. हा दंड योग्यच होता. पण त्यातून सगळ्या कंपन्यांनी जो धडा घेतला तो डेटाचा. ग्राहकाची माहिती गळली तर दार ठोठावणारा नियामक आहे. पारा गळला तर दार ठोठावणारं कोणी नाही. ज्याची भीती असते त्याचीच आपण चौकशी करतो.

या भीतीने एक वेगळंच नुकसानही होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार डेटा नीट पुसून यंत्र पुन्हा वापरता येतं. तरी अनेक कंपन्या चालू स्थितीतल्या डिस्क आणि कधीकधी अख्खे लॅपटॉप चुरडून टाकतात, कारण चुऱ्याचं सर्टिफिकेट सगळ्यात निर्धोक. त्या लॅपटॉपवर एखादा विद्यार्थी आणखी चार वर्षं शिकला असता. नियम पाळला गेला, वजन मोजलं गेलं, कागद आला, आणि धडधाकट वस्तू कचरा झाली.

हे सगळं वाचताना मराठी माणसाला काहीतरी ओळखीचं वाटायला हवं. आपल्या गावांची रचना आठवून पाहा. गाव स्वच्छ, पवित्र आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्यांच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढण्याचं काम. गावाची शुद्धता टिकायची ती घाण नाहीशी झाली म्हणून नव्हे, ती दुसऱ्याच्या हाती गेली म्हणून. आणि ज्याच्या हाती ती गेली, तोच अशुद्ध ठरायचा. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेली जनावरं ओढणं सोडा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी या व्यवस्थेच्या मुळावरच बोट ठेवलं होतं. पुढे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी दाखवून दिलं की जात ही नुसती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे.

मी ई-कचऱ्याची व्यवस्था आणि जातिव्यवस्था एकच आहेत असं म्हणत नाही. रिसायकलिंगचा करार जन्मावरून ठरत नाही, आणि एखादा कामगार ते काम सोडू शकतो, निदान तत्त्वतः. पण आपली कामाची वाटणी आहे, असं म्हणताना हा प्रश्न विचारायला हवा की वाटणी फक्त कामाची झाली की धोक्याचीही झाली? चीनच्या ग्वीयू गावात वर्षानुवर्षं सर्किट बोर्ड कोळशावर भाजले गेले आणि तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडलं. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आजही हाताने यंत्रं फोडून, ॲसिड वापरून तांबं आणि सोनं काढलं जातं. तिथे काम करणारे कोण, याची यादी केली तर ती योगायोगाने बनलेली दिसत नाही. सर्टिफिकेटाने कंपनी शुद्ध होते आणि धोका गावकुसाबाहेर जातो. कूस फक्त आता समुद्रापलीकडे गेली आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. ॲडम मिंटर हे पत्रकार स्वतः भंगार व्यवसायातल्या कुटुंबातले. त्यांच्यासारखे अभ्यासक सांगतात की परदेशी जाणारं प्रत्येक जुनं यंत्र कचरा नसतं. घाना, नायजेरिया, भारत इथे दुरुस्तीचा मोठा, कुशल धंदा आहे. अमेरिकेने टाकलेला संगणक तिथे वर्षानुवर्षं चालतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्याने कधी जुना पार्ट शोधला असेल, त्याला हे सांगायची गरज नाही. सगळी निर्यात पाप ठरवली तर त्या कारागिरांच्या पोटावर पाय येतो, आणि इथे चांगली यंत्रं चुरडली जातात.

हे खरं आहे, म्हणूनच "परदेशी पाठवू नका" एवढाच नियम नैतिक प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही. चालू लॅपटॉप, तपासून, काय आहे ते खरं सांगून, घेणाऱ्याच्या संमतीने पाठवणं यात गैर काही नाही. फुटके पडदे "वापरलेला माल" असं लिहून कंटेनरच्या आत दडवणं यात आहे. १ जानेवारी २०२५ पासून बाझल कराराखाली सगळ्याच ई-कचऱ्यासाठी, घातक असो वा नसो, घेणाऱ्या देशाची आधी संमती लागते. म्हणजे जगाचं म्हणणं एवढंच आहे की, ज्याच्या दारात माल जाणार त्याला आधी विचारा. आपण ज्या देशात राहतो त्याने हे म्हणणं अजून मान्य केलेलं नाही. कायद्याने विचारायला लावलं नाही म्हणून विचारायची गरज उरत नाही, असं मात्र होत नाही.

मग या फाइलसमोर बसलेल्या माणसाने करायचं काय? माझं उत्तर असं आहे की जबाबदारी ताब्याप्रमाणे हस्तांतरित होत नाही, ती वाटली जाते. रिसायकलरकडे दिली म्हणून माझी कमी होत नाही, फक्त तिला आणखी एक वाटेकरी मिळतो. आणि माझा वाटा माझ्या अधिकाराइतका असतो. रिसेप्शनवर जुना लॅपटॉप देणाऱ्याचा वाटा छोटा आहे. तीन कोटेशनांतून एक निवडणाऱ्याचा मोठा आहे. बजेट ठरवणाऱ्याचा त्याहून मोठा, आणि दर तीन वर्षांनी यंत्र निकामी व्हावं अशी रचना करणाऱ्या उत्पादकाचा सगळ्यात मोठा.

कोटेशन निवडणाऱ्याला करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. रिसायकलरकडून माल पुढे कोणाकडे जातो त्यांची यादी मागायची, आणि पहिल्या नावावर न थांबता काच, पडदे आणि बॅटऱ्या जिथे शेवटी थांबतात तिथपर्यंत विचारायचं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याचं कोटेशन बाजूला ठेवायचं, मग ते कितीही स्वस्त असो. पडद्यांबद्दल तेवढेच प्रश्न विचारायचे जेवढे हार्ड डिस्कबद्दल विचारतो. चालू यंत्रं पुसून पुन्हा वापरात जाऊ द्यायची. शक्य असेल तर लॅपटॉप बदलण्याची मुदत तीन वर्षांची चार करायची, कारण जे यंत्र अजून टेबलावर आहे त्याची काळजी हाँगकाँगमध्ये कोणाला घ्यावी लागत नाही.

यातलं काहीही फुकट नाही, हे कबूल करायला हवं. जास्त दराचं कोटेशन निवडणाऱ्याला वरच्याला कारण सांगावं लागतं, आणि "कायद्याने बंधनकारक नाही, तरी" अशी सुरुवात झालेलं कारण मीटिंगमध्ये फारसं टिकत नाही. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या, नोकरी सांभाळून असलेल्या माणसाला तर असा आग्रह परवडत नाही. त्याच्याकडून शौर्याची अपेक्षा करणं योग्य नाही. पण प्रश्न विचारणं त्यालाही जमतं, आणि प्रश्न लेखी विचारला की तोही त्या फाइलमध्ये जातो. पुढच्या ऑडिटला कोणीतरी तो वाचतं.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. म्हणजे ज्याला पावती आहे असा कचरा चौथ्या हिश्शाहूनही कमी. उरलेल्याबद्दल सरकारं, कायदे आणि उत्पादक यांनी पुष्कळ काही करायचं आहे. पण ज्याला पावती आहे, त्या भागाची सही आपल्यापैकीच कोणाची तरी असते. ती करताना पावतीवरचं वाक्य खरं आहे का, एवढं विचारणं हे आपलं काम आहे. उत्तर मिळेपर्यंत ती फाइल बंद करू नये.